श्वास मोजावा की पाय मोकळे करावेत?

एखादी तिरकस मेल, कुणाचा तरी लागट शब्द, घरी आलं तरी खांदे आखडलेलेच. रोजचा ताण हा एवढाच. औषध-गोळीशिवाय त्यावर काय करावं, याचे उपाय शंभर मिळतील. पण रोज निभतील असे विचाराल तर माझ्या मते निवड दोघांतच होते: बसून श्वासाकडे लक्ष देणं, नाहीतर उठून चालायला जाणं. मी आधी जवळजवळ वर्षभर श्वासाचं केलं, मग चालायला लागलो.

श्वासाची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल करतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित चढते, सोडताना उतरते. म्हणून सोडणं लांबवायचं. एरवी मिनिटाला 12 ते 20 होणारे श्वास सहाच्या आसपास आणायचे. ना जागा लागते ना बूट, शेजारच्याला पत्ताही लागत नाही. फक्त ‘खोल’ म्हणजे ‘जोरात’ नव्हे, हे मला उशिरा कळलं. पहिल्या आठवड्यात मी भात्यासारखा श्वास ओढायचो आणि बोटांना मुंग्या यायच्या, डोकं गरगरायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार उतरला की असं होतं. सावकाश घ्यायला लागलो तसं ते थांबलं.

माझं बिनसलं ते टायमरपायी. दहा मिनिटं लावून फोन समोर ठेवायचा, डोळे मिटायचे, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. आठव्या श्वासाला एक डोळा आपोआप किलकिला व्हायचा. अजून आठ मिनिटं चाळीस सेकंद! आणि त्या आकड्यांच्या डोक्यावर ऑफिसच्या ग्रुपचा मेसेज, अर्धाच दिसणारा: ‘उद्याच्या मीटिंगबद्दल जरा...’ उरलेला सगळा वेळ मी ते वाक्य पूर्ण करत बसायचो. नोटिफिकेशन बंद केली, तर काही आलं असेल का ही चुटपुट. टायमरच काढून टाकला, तर किती श्वास झाले हे मोजणं आलं, आणि त्यामागोमाग ‘नीट जमतंय ना’ हेही आलं. दिवसभर कामाचा हिशोब द्यायचा आणि संध्याकाळी श्वासाचाही, हे काही मला झेपेना. दोष पद्धतीचा नसेल, माझ्या स्वभावाचा असेल. श्वासाकडे लक्ष दिलं की उलट अस्वस्थ होणारी माणसं असतात. त्यांच्यातला मी असावा.

चालताना फोन घरी राहतो. ठरलेल्या वळणावरून मागे फिरायचं, घड्याळाचं कामच नाही. पहिली दहा मिनिटं मी दिवसभराची भांडणं मनातल्या मनात पुन्हा भांडतो, आणि तेव्हा उत्तरं फार सणसणीत सुचतात. मग केव्हातरी ध्यानात येतं, आवळलेल्या मुठी सुटल्यात. ताण आला की शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं, हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्येच मांडलं होतं. तयारीत उभ्या पायांना निदान चालायला तरी मिळतं, हे त्यावरचं माझं घरगुती शास्त्र. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. जरा झपाझप, रोज अर्धा तास, पाच दिवस चाललं की तेही त्यात भागतं.

पाऊस आणि गुडघे या चालण्याच्या अडचणी आहेतच. त्याहून मोठी अडचण दाराबाहेर पडण्याच्या कंटाळ्याची. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर अर्धा तास आणायचा कुठून? त्यांनी श्वासाचंच करावं, फक्त फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. स्नायू एकेक करून आवळायचे आणि सैल सोडायचे, हा अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांचा प्रकारही मी करून पाहिला. पोटऱ्यांपर्यंत पोचायच्या आत झोप लागते, त्यामुळे तो अंथरुणातच बरा.

श्वास मी अगदीच सोडलेला नाही. मीटिंगआधी लिफ्टमध्ये तीन सावकाश उच्छ्वास होतात, न मोजता. पण तुमचं अजून ठरत नसेल तर दोन आठवडे आधी चालून बघा, असं मी भीत भीत सुचवेन. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, तर या दोन्हींच्या आधी डॉक्टरांना भेटा.