कालाढुंगीचं कॉर्बेट म्युझियम: नुसतं घर बघून गाडीत बसू नका, गाईड घेऊन गावात फिरा

नैनितालच्या पॅकेज टूरमधे हे म्युझियम रस्त्यातला एक स्टॉप म्हणून टाकलेलं असतं. सगळे उतरतात, पुतळ्याशेजारी सेल्फी काढतात, परत गाडीत. आमचा ड्रायव्हर पण म्हणाला की साहब बीस मिनट बहुत है. आम्ही त्याला चहाला पाठवला आणि सकाळ तिथेच घालवली, ट्रिपमधली सगळ्यात भारी सकाळ तीच होती (सफारीत वाघ दिसला नाही हे पण एक कारण असेल).

आधी घराबद्दल. नरभक्षक वाघांचा शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेटने १९२२ मधे हा बंगला थंडीत राहायला बांधला, उन्हाळ्यात तो आणि बहीण मॅगी नैनितालला वर. आत त्याचं फर्निचर, पत्रं, फोटो, आणि आवारात त्याच्या रॉबिन कुत्र्याची समाधी. त्याचं काही वाचलेलं असेल तर ती समाधी बघून गलबलतं, नसेल वाचलं तर मुलं अर्ध्या तासात "झालं का" विचारणार. म्हणून जायच्या आधी थोडं वाचाच. आणि एक गंमत, ज्या पुस्तकाने हा माणूस जगभर पोचला ते कुमाऊंच्या (म्हणजे नैनितालकडच्या या डोंगराळ भागातल्या) नरभक्षकांवरचं पुस्तक १९४४ ला पहिल्यांदा आपल्या मुंबईतूनच निघालं.

आता खरी गोष्ट, गावातला वॉक. छोटी हल्द्वानी हे गाव कॉर्बेटनेच वसवलं आणि तिथलेच लोक गाईड म्हणून येतात. आमच्या गाईडकाकांनी सुरुवातच भिंतीपासून केली. रानडुकरं पिकात घुसायची म्हणून कॉर्बेटने सगळ्या गावाभोवती साधारण ७ किलोमीटर दगडी भिंत घातली, आपल्याकडचं गावकूस म्हणा ना, फक्त शेतासकट. काही ठिकाणी ढासळलीय पण बराच भाग अजून उभा आहे आणि तिच्या कडेने चालताना कळतं की हा माणूस बंदूकवाला शिकारी म्हणून आपल्या डोक्यात बसलाय पण त्याचा निम्मा जीव शेतीत आणि या कुळांत होता. मोती नावाच्या त्याच्या माणसासाठी बांधलेलं घर दाखवतात, मग चौपाल (गावाची चावडी), आणि एका घरात त्याने गावाला राखणीसाठी दिलेली जुनी ठासणीची बंदूक. काका म्हणे जनावर मारायला कमी, हाकलायलाच जास्त वापरली. १९४७ ला बहिणीबरोबर केनियाला निघून गेला तेव्हा जमीन कसणाऱ्यांनाच देऊन गेला. १९५५ मधे तिकडेच न्येरीला वारला.

कॉर्बेटने मारलेली चंपावतची ४३६ बळी घेणारी वाघीण, रुद्रप्रयागचा बिबट्या हे सगळं गाईड सांगतोच, रंगवून सांगतो, पोरं तोंड उघडं टाकून ऐकतात. पण मला विचाराल तर त्यापुढचं जास्त महत्त्वाचं आहे. फ्रेडरिक चॅम्पियन नावाचा फॉरेस्ट ऑफिसर होता, त्याचे वाघाचे फोटो बघून कॉर्बेटने पण कॅमेरा घेतला, वाघांची फिल्म काढायला लागला आणि वाघ संपत चाललेत हे तेव्हापासून लिहित बोलत राहिला जेव्हा साहेब लोक आणि राजेमहाराजे शिकारीचे आकडे मिरवत होते. १९३६ मधे देशातलं पहिलं नॅशनल पार्क झालं त्यातही त्याची खटपट होती. तेव्हा नाव हेली पार्क, कॉर्बेटचं नाव तो गेल्यावर लागलं. आज त्याच नावाने पार्कजवळच्या रामनगरच्या रस्त्यावर रिसॉर्टमधे रात्री डीजे वाजतो, काय बोलायचं.

गेटजवळ गावातल्या लोकांचं छोटं दुकान आहे, टीशर्ट नको असेल तर निदान मध घ्या, आम्ही नेलेली बाटली घरी पोचून आठवड्यात संपली.

गाईडला पैसे देताना घासाघीस करू नका प्लीज, गावात चालायचं असल्याने चपला नको, बूट घाला, आणि उन्हाळ्यात गेलात तर सकाळीच जा, कालाढुंगी खाली तराईच्या बाजूला आहे, नैनितालसारखी थंड हवा तिथे नाही. माझ्याकडून ५ पैकी साडेचार. नैनितालमधलं त्याचं गर्नी हाऊस पण बघायचं असेल तर ते खासगी घर आहे, न विचारता गेट ढकलून आत जाऊ नका.