इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला १७ इंची अलॉय आणि ऑल-टेरेन टायर: एक पावसाळा आणि एक द्राक्ष सीझन काढल्यावर

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईतल्यांचं काम होईल. ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) टायरवर घातलेले पैसे पूर्ण वसूल. अलॉय रिमवर (टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक) घातलेले अर्धेच वसूल, आणि तेही माझ्या गाडीला मुळात अठरा इंची चाकं होती म्हणून. तुमच्या पिकअपला कंपनीची सोळा इंची किंवा त्याहून लहान रिम असेल तर अलॉयच्या नादाला लागू नका. नुसते टायर बदला, उरलेल्या पैशांत डिझेल टाका.

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर बाय फोर. घर नाशिकच्या गंगापूर रोडला, बाग दिंडोरी तालुक्यात मोहाडीच्या बाजूला. रोजचं जाणं-येणं, मधूनच पिंपळगाव मार्केट, कधी मुंबई. म्हणजे बहुतेक सगळं डांबर. पण बागेआधीचा शिवरस्ता शुद्ध काळ्या मातीचा आहे आणि ऑक्टोबर छाटणीच्या वेळी परतीचा पाऊस आला की तिथे ट्रॅक्टरच्या फवारणी ब्लोअरने पाडलेल्या चाकोऱ्या घोट्याएवढ्या खोल होतात. ही सगळी उठाठेव त्या तुकड्यासाठी.

मूळचा टायर २५५/६० आर १८, हायवेचा. टायरवरचे आकडे वाचता येत नसतील तर दुकानात जायच्या आधी तेवढं शिकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी. तिचे ६० टक्के म्हणजे १५३ मिमी, ही साइडवॉलची उंची. १८ हा रिमचा व्यास इंचात. मी घेतला २६५/६५ आर १७. इथे साइडवॉल १७२ मिमी. म्हणजे रिम आणि खड्ड्याच्या मध्ये १९ मिमी रबर आणि हवा जास्त आली. सध्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात जागोजागी खोदकाम चाललंय, ते पाहता हे १९ मिमी मला रोज उपयोगी पडतात.

टायरचा पूर्ण व्यास ७६३ वरून ७७६ मिमी झाला. फरक १३ चा, पण गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, म्हणजे जेमतेम साडेसहा मिमी. टायर बदलून गाडी दोन इंच उंच झाली असं कोणी सांगत असेल तर त्याने सोबत लिफ्ट किटही बसवलंय, एवढं समजून घ्या. स्पीडोमीटरवर परिणाम पावणेदोन टक्क्यांच्या आत. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा साधारण दोन किलोमीटर जास्त पळत असते. कंपन्यांचे स्पीडोमीटर मुळातच थोडं वाढवून दाखवतात, त्यामुळे उलट काटा खऱ्याच्या जवळ आला.

आता हीच साइज का? मोठं कारण असं की हा फॉर्च्युनर फोर बाय टूचा आणि हायलक्सच्या खालच्या व्हेरिएंटचा कंपनी साइज आहे. आपल्या भागात फॉर्च्युनर किती आहेत ते सांगायला नको. हार्वेस्टिंगच्या दिवसात टायर फाटला तर नाशिकच्या द्वारका चौकात, पिंपळगावला, गेलाबाजार सिन्नरलाही या साइजचा काही ना काही टायर मिळतो. फोटोत जबरदस्त दिसणारे ऑफबीट साइज आहेत, पण ते मागवावे लागतात, आणि द्राक्षाचा व्यापारी टायर यायची वाट बघत नाही. सोळा इंचात २६५/७० घेतला असता तर साइडवॉल आणखी वाढली असती, व्यास जवळपास तोच. नुसत्या शेतीसाठी गाडी असती तर मी तेच केलं असतं. डी-मॅक्सच्याच हाय-लँडर मॉडेलला कंपनीच सोळाची चाकं देते, तेव्हा ब्रेकला अडचण यायचा प्रश्नच नाही. पण हायवेला वळणावर सोळाचा उंच टायर जरा जास्त झुलतो, आणि सौ.चं मत होतं की सोळाची चाकं लावून लग्नाला जायचं तर टेम्पोच घेऊ. सतरावर तडजोड झाली.

रिम घेताना दुकानदार फक्त डिझाइन दाखवतो. आपण बघायच्या त्या गोष्टी मागच्या बाजूला कोरलेल्या असतात. व्ही-क्रॉसला सहा नट, पीसीडी (नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) १३९.७ मिमी. फॉर्च्युनरलाही तेच. म्हणून पहिल्या दुकानात मला सेकंडहँड फॉर्च्युनरची अलॉय दाखवली. "भाऊ, सहा नट तिकडे, सहा नट इकडे, डोळे झाकून बसवा." डोळे उघडे ठेवून मोजलं तर मधलं भोक म्हणजे सेंटर बोअर फॉर्च्युनरचं १०६ मिमी आणि डी-मॅक्सच्या हबचं (चाक ज्यावर बसतं तो मधला उभार) १०० मिमी. सगळ्या बाजूंनी तीन-तीन मिमीची फट. चाक बसतं, पण मध्यावर आणण्याचं काम हबऐवजी नटांना करावं लागतं, आणि ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं. मग दुकानवाले बॅलन्सिंग करत बसतात, चाक दोषी नसतानाही. उपाय स्वस्त आहे, हब रिंग, म्हणजे ती फट भरणारं कडं. माझ्या आफ्टरमार्केट अलॉयलाही बोअर मोठाच होता, मी रिंग मापाने मागवून घेतली आणि चाक हबवर हाताने दाबल्यावर टक् करून बसतं का ते उभं राहून बघितलं.

नटांचंही तसंच. रिमचा नटाचा खळगा शंकूसारखा आहे की सपाट वायसरसाठी, ते नटाशी जुळलं पाहिजे. चुकीचा नट घट्ट वाटतो आणि पाचशे किलोमीटरात सैल होतो. बसवल्यावर शंभर-एक किलोमीटर चालवून टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. एअर गनने कचाकच आवळणाऱ्याला प्रेमाने थांबवा.

ऑफसेटवर, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी दूर आहे त्यावर, मला जरा जास्त बोलायचंय, कारण नाशिकात कॉलेज रोडला बघाल तर निम्म्या पिकअपची चाकं खेकड्यासारखी बाहेर आलेली आहेत. रिम एक इंच रुंद घेतली की ऑफसेट तोच असला तरी अर्धा इंच बाहेर जाते. वर ऑफसेट ३३ वरून शून्यावर आणला की आणखी ३३ मिमी. दिसतं भारी. पण सगळा चिखल दारांवर आणि आरशांवर उडतो, व्हील बेअरिंगवर वजनाचा तरफेसारखा ताण येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं. शिवाय चाक मडगार्डच्या बाहेर असेल तर पोलिसांनी अडवल्यावर वाद घालायला जागा राहत नाही. कंपनीने दिलेल्या मापापासून लांब जाणारे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल स्पष्ट केलंय. मी ऑफसेट मूळच्या जवळ ठेवला, चाक बॉडीच्या आत आहे, आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवून नूतनीकरणाच्या वेळी अलॉय पॉलिसीत घालून घेतली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडफ्लॅपला किंचित घासत होता, फ्लॅप मागे सरकवला, संपलं.

स्टेपनीबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून सांगतो. अलॉय चारच्या सेटमध्ये विकतात आणि जुनी अठराची स्टेपनी राहू द्या म्हणतात. आपल्या पिकअपची फोर बाय फोर ही पार्ट-टाइम आहे, पुढचा-मागचा एक्सल एकत्र लॉक होतो. एका चाकाचा व्यास वेगळा आणि तुम्ही फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) घट्ट रस्त्यावर, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा छळ. मागे लावली तर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं. मी पाच टायर आणि पाच रिम घेतल्या. पाचवी रिम "परवा येते" म्हणून जी सांगितली ती यायला महिना गेला, आणि पैसे मात्र पहिल्या दिवशी पूर्ण घेतलेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. पाचवी समोर दिसल्याशिवाय ॲडव्हान्सच्या वर देऊ नका. टायर नगाला साडेचौदा हजाराच्या आसपास पडले, रिम दहाच्या आत. टायरवरचा चार आकडी कोडही तिथेच वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. माझ्या पाचातला एक वर्षभर जुना निघाला, तो बदलून घेतला.

आता चालवण्याचं. बागेतल्या वजनकाट्यावर दोन्ही चाकं ठेवून पाहिली. टायरसकट जुनं चाक २८ किलो, नवीन साडेतीस. चार चाकांचे मिळून दहा किलो म्हणजे अर्धं कॅरेट टोमॅटो, पण हे वजन फिरतं असतं, म्हणून जाणवतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी किंचित जड झाली. मायलेज ओडोमीटरप्रमाणे १२.२ वरून ११.३ वर आलं. पण ओडोमीटर आता कमी अंतर मोजतो हे विसरू नका. ११.३ ला १.०१७ ने गुणलं की साडेअकरा येतात. खरी घट लिटरमागे पाऊण किलोमीटरची.

आवाज आहे. डांबरावर साठपर्यंत काही नाही, सत्तरच्या पुढे बारीक घूं सुरू होते. समृद्धीच्या काँक्रीटवर मात्र हा आवाज सलग कानात बसतो, मुंबईला पोचेपर्यंत गाण्याचा आवाज चार घरं वर. हा ऑल-टेरेन पॅटर्नचाच स्वभाव आहे, कोणत्याही कंपनीचा घ्या, कमी-जास्त होईल. खास चिखलाचे मड-टेरेन घेणाऱ्यांना मी हात जोडतो. रोजच्या गाडीला ते टायर म्हणजे स्वतःच्या खर्चाने घरात पिठाची गिरणी लावणं.

ओल्या डांबरावर मूळचे हायवे टायर ब्रेकला थोडे बरे होते. त्र्यंबक रोडला पहिल्या पावसात आणि कसाऱ्याच्या उतारावर मी अंतर वाढवून चालवतो. घाबरण्यासारखं काही नाही.

शिवरस्त्यावर काय झालं? मुरमावर आणि पेठ-हरसूलकडच्या तांबड्या मातीत टायर बेफाट चालतात, शंकाच नाही. काळ्या मातीचं तसं नाही. ती सुरुवातीला धरते, मग खाचांमध्ये भरते आणि दहा-बारा फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो. ऑल-टेरेनच्या खाचा ती माती हवी तशी फेकत नाहीत. फरक पडतो तो हवा कमी केल्यावर. दार उघडल्यावर जे स्टिकर दिसतं त्यावरचं प्रेशर रस्त्यासाठी आहे. मी चिखलात २४-२५ पीएसआयवर येतो, लो गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय स्थिर. जुन्या टायरने जिथे दर छाटणीला शेजारच्या आप्पांचा ट्रॅक्टर बोलवावा लागायचा, तिथून या वेळी सगळ्या पावसात एकदाच दोरी बांधली, आणि तेव्हा चाकोरीत गाडीचं पोटच टेकलं होतं. त्याला टायर काय करणार. बाहेर आलं की रस्त्याला लागण्याआधी हवा भरायचीच. बारा व्होल्टचा पंप सीटखाली ठेवा.

एक गोष्ट मात्र कुठेच वाचली नव्हती. एकदा बागेतून सकाळी निघालो आणि ढकांब्याच्या पुढे ऐंशीला स्टिअरिंग इतकं हललं की बॅलन्सिंगचा शिसाचा तुकडा पडला म्हणून समजलो. पंक्चरच्या दुकानातल्या काकांनी चाक काढलं, आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि हसले. रिमच्या आतल्या गोल भिंतीला आदल्या दिवशीचा काळा चिखल एका बाजूला विटेसारखा वाळून चिकटला होता. खरवडून काढला तर दोन्ही ओंजळी भरल्या. जुन्या रिमला स्पोक बारीक होते, पाण्याचा पाइप आत जायचा. नवीन डिझाइन बंद तोंडाचं, पाणी आत पोचतच नाही. रिम निवडताना आता मी पहिल्यांदा हेच बघेन, हात आत जातो का. काळा मॅट रंगही नको. खडीचे टवके आणि ब्लोअरच्या औषधाचे पांढरे डाग सगळ्यात जास्त त्याच्यावर दिसतात.

बाभळीचे काटे पूर्वीइतकेच लागतात, पण आरपार जात नाहीत. पंक्चर झालं ते साध्या खिळ्याने, ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या भागात), जागेवर मशरूम पॅच लावून मिटलं. प्रेशर ठरवायला खडूची युक्ती वापरा. ट्रेडवर आडवी पांढरी रेघ मारा, सपाट रस्त्यावर थोडं चालवा. फक्त मधली पुसली गेली तर हवा जास्त, कडा पुसल्या गेल्या तर कमी. माझं रिकाम्या गाडीला ३४ आणि मागे खतं-कॅरेट असतील तर मागच्या चाकांना ४० असं बसलं. लोड इंडेक्स ११२ आहे, म्हणजे एका टायरला ११२० किलो.

पाचही टायर आठ-दहा हजाराला फिरवतो, स्टेपनीसकट, नाहीतर पाचवा नवा राहतो आणि व्यासाचा फरक पुन्हा मागच्या दाराने येतो. साधारण चौदा हजार किलोमीटरला पुढच्या टायरमध्ये साडेसात मिमी खोली आहे, नवीन असताना साडेनऊ होती. कायद्याची मर्यादा १.६ मिमी, पण आपल्या पावसात मी चारला बदलणार. जुना अठराचा सेट निफाडच्या एकाने नेला, त्याला शोसाठी हवा होता. त्याच्या गाडीवर खरंच छान दिसतो.