उत्पात रोखायला शिकवायचंय: कार्यशाळा की जोडीदार?

विकिपीडियावरचा उत्पात, म्हणजे लेखांत मुद्दाम केलेली खोडी, ओळखायला नव्या स्वयंसेवकांना शिकवायचंय. एका दिवसाची कार्यशाळा घ्यावी, की प्रत्येकाला एक अनुभवी संपादक जोडून द्यावा, असं एका सहकाऱ्याने विचारलं.

वेळेच्या हिशोबात कार्यशाळा सरळ पुढे. 'अलीकडील बदल' ही ताज्या संपादनांची यादी कशी वाचायची, दोन आवृत्त्यांतला फरक कसा पाहायचा, बदल कसा उलटवायचा, हे एका दुपारीत होतं. जोडीने शिकवायला आठवडे लागतात, आणि अनुभवी माणसं मुळातच कमी.

पण पारख? शिवीगाळ कुणालाही दिसते. एखाद्याने जन्मवर्ष १८६३चं १८३६ केलं, तर? संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही की ही खोडी आहे की दुरुस्ती. शिवाय नवखा माणूस शेवटचा बदल उलटवतो आणि त्याच्या आधीचा, दुसऱ्या खात्यावरून केलेला खोडसाळ बदल तसाच राहतो. पान मात्र स्वच्छ दिसतं. असे प्रसंग कार्यशाळेच्या तयार उदाहरणांत येत नाहीत, जोडीदारासोबत रोज येतात.

वागणुकीचं मला सर्वांत जास्त वाटतं. मजकूर उडवणारा कधीकधी स्वतःबद्दलची चुकीची माहिती काढत असतो. त्याला थेट इशारा दिला तर एक चांगला संपादक कायमचा जातो. "याला उत्पात का म्हणालास?" हे विचारणारं कुणी शेजारी हवंच.

माणसं बरीच असतील, उघड खोडसाळपणाच आवरायचा असेल, तर कार्यशाळा पुरेल. ज्यांना पुढे द्रुतमाघारीचा, म्हणजे एका क्लिकमध्ये बदल उलटवण्याचा, अधिकार मागायचाय किंवा जिवंत व्यक्तींच्या लेखांवर लक्ष ठेवायचंय, त्यांना जोडीदारच द्या, मग दोघे-तिघेच तयार झाले तरी चालतील.