रेल प्रेशरचा कोड आलाय: सेन्सर बदलू, घरी तपासू की गॅरेजला नेऊ?

कॉमन रेल डिझेल गाडीबद्दल बोलतोय, म्हणजे जिच्यात सगळ्या इंजेक्टरसाठीचं डिझेल एका नळीत (रेल) खूप दाबाने भरलेलं असतं. रेल प्रेशर सेन्सर तो दाब मोजून ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि आकडा पटला नाही की चेक इंजिन लाईट लागते आणि स्कॅनरवर कोड दिसतो. साध्या पेट्रोल इंजिनात (एमपीएफआय) हा सेन्सर बहुधा नसतोच.

पहिली गोष्ट, कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. आम्ही तेच धरून चाललो होतो. भर पावसात कशेडी घाट चढताना पिकअप गेला, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ओढेना, मागे एसटी हॉर्न देतेय आणि गाडीत आई बसलेली. कसेबसे गावात पोचलो, मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी०१९३ दिसला आणि लगेच सेन्सर बदलून टाकला. चार दिवसांत लाईट परत हजर. मग एका वायरमनने कपलर (सेन्सरला वायरी जोडणारा प्लग) काढून उजेडात धरला तर ग्राउंडच्या पिनवर हिरवट थर चढलेला, नखाने खरवडला की भुकटी पडत होती. पिन साफ करून घट्ट केली, त्यानंतर दोन पावसाळे झाले, लाईट लागलेली नाही. नवीन सेन्सरचे पैसे मात्र गेले ते गेलेच, म्हणून हे सगळं लिहितोय.

सरळ सेन्सर बदलणं हा पर्याय मी फार वेळ बघणारच नाही. वेळ वाचतो, पण अंदाज चुकला तर पैसे पाण्यात, आणि काही गाड्यांत सेन्सर सुटा मिळतच नाही, अख्खी रेल घ्यावी लागते.

घरच्या घरी ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर आणि साधा मल्टिमीटर, एवढ्यावर बरंच काम होतं. पी०१९२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०१९३ म्हणजे फार जास्त, आणि हे दोन्ही वायरिंगचे दुखणे असू शकतात, तिथे मीटरच कामाचा. बहुतेक सेन्सरला तीन वायरी असतात, ५ व्होल्टची, ग्राउंडची आणि सिग्नलची. कपलर काढायचा, चावी ऑन करायची पण स्टार्ट नाही करायची, आणि गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये ५ व्होल्ट येतात का बघायचं, नाही आले तर सेन्सर विकत घेऊच नका, दोष मागे वायरमध्ये किंवा ईसीएमकडे आहे. कपलर लावलेला असताना, इंजिन बंद, तर सिग्नलवर बऱ्याच सेन्सरमध्ये साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. आणि सगळ्यात सोपी टेस्ट, रात्रभर उभ्या गाडीत सकाळी स्टार्ट न करता स्कॅनरवर रेल प्रेशर बघा, ते शून्याच्या आसपास हवं. थंड बंद इंजिन शंभर-दीडशे बार (बार म्हणजे दाबाचं माप) दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. (स्वस्त स्कॅनर किलोपास्कलमध्ये आकडा दाखवतो, ३०,००० म्हणजे ३०० बार, घाबरू नका, आयडलला, म्हणजे ऍक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, तेवढं असतंच.)

कपलर काढून गाडी कशी चालते ते बघा असं सांगणारे भेटतील, त्यावर विसंबू नका, काही गाड्या ठरावीक आकडा धरून चालतात आणि काही स्टार्टच होत नाहीत.

गॅरेज कधी? कोड पी००८७ असेल तेव्हा. त्याचा अर्थ प्रेशर कमी पडतंय, आणि सेन्सर खरं सांगत असण्याचीच शक्यता जास्त. आधी डिझेल फिल्टर कधी बदललाय ते आठवा, मग पंप, पंपावरचा व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरचा रिटर्न (इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परत जाण्याची नळी). प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावतात, एखादी बाकीच्यांपेक्षा भराभर भरली की चोर सापडला. हे घरी करू नका, आणि चालू इंजिनवर रेलचा पाइप तर कधीच सैल करू नका, हजार-दीड हजार बारची डिझेलची धार कातडीच्या आत घुसते, लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

मोठ्या स्कॅनरचा खरा फायदा म्हणजे ईसीएमने मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर दोन्ही शेजारी दिसतं. चढावर मिळालेलं हळूहळू मागे पडत गेलं तर डिझेलच पोचत नाहीये, आणि आकडा एका क्षणात चारशेवरून पंधराशेवर उडाला पण इंजिनला काही जाणवलंच नाही तर सेन्सर किंवा वायर. म्हणून गॅरेजवाल्याला सांगा, दोन्ही ग्राफ लावून चढावर एक चक्कर मारू. जो शेजारी बसून ते दाखवेल त्याला मी दोन पैसे जास्त आनंदाने देतो.