चलानाची फाइल तपासून घेतली होती, तरीही १,८७,४५० रुपये गेले

हे लिहिताना लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो. मी बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, ओटीपी कोणाला सांगत नाही, आणि स्टाफरूममध्ये इतरांना सावधगिरीचे धडे देणारा इसमही मीच. तरीही मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी २.२९ ते ३.०९ या चाळीस मिनिटांत माझ्या बचत खात्यातून पाच व्यवहार झाले: ४९,९९९, पुन्हा ४९,९९९, मग ४०,०००, २५,००० आणि शेवटी २२,४५२. एकूण १,८७,४५० रुपये. मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या शुल्कासाठी मुदत ठेव मोडून ते आदल्याच आठवड्यात खात्यात आणले होते.

वाहतूक चलानाच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवण्याचा प्रकार वाचकांना ठाऊक असेलच. मला ती आमच्या सोसायटीच्या सचिवांच्या क्रमांकावरून आली. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतून वाहतूक शाखेने दुचाकी उचलून नेल्या होत्या, त्यामुळे ५०० रुपयांचा दंड मला अजिबात अशक्य वाटला नाही. शिवाय मी फाइल लगेच उघडली नाही. फोनमधल्या अँटिव्हायरसने ती तपासली आणि ‘धोका आढळला नाही’ असा शेरा आल्यावरच उघडली. माझ्या मूर्खपणाची चर्चा करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

तो शेरा खोटा नव्हता, हे मला नंतर कळले. माझा भाचा मोबाइल अ‍ॅप बनवण्याचेच काम करतो. त्याने ती फाइल संगणकावर उकलून पाहिली, तेव्हा तिच्यात चोरी करणारे असे काहीच नव्हते. होता तो एक दिखाऊ पडदा आणि बाहेरून दुसरी फाइल आणून ती चालू करण्याची सोय. अँड्रॉइडमध्ये डेक्सक्लासलोडर नावाचा भाग असतो, त्याच्या साहाय्याने चालू असलेले अ‍ॅप नंतर आणलेला कोड आपलाच असल्यासारखा चालवू शकते, आणि त्या कोडला मूळ अ‍ॅपच्या सगळ्या परवानग्या आपोआप मिळतात. म्हणजे दारावर झडती झाली ती रिकाम्या पिशवीची, आणि माल आला मागच्या खिडकीतून. प्ले स्टोअरच्या नियमांनुसार अ‍ॅपला असा कोड स्टोअरबाहेरून आणण्याची मनाई आहे, पण संदेशातून आलेली फाइल त्या दारातून जातेच कुठे? २०२३ साली आलेल्या अँड्रॉइड १४ साठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये अशी आणलेली फाइल केवळ वाचण्याजोगी असावी लागते, म्हणजे दुसऱ्या कोणाला तिच्यात फेरफार करता येत नाही. फाइल पाठवणाराच चोर असेल तर या अटीचा काय उपयोग, असे मी भाच्याला विचारले. तो गप्प बसला.

आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही. अ‍ॅप उघडल्यावर राजमुद्रेखाली ‘अपडेट होत आहे, कृपया थांबा’ अशी ओळ आली आणि एक निळी पट्टी सावकाश भरत गेली. दोन मिनिटांपूर्वी फोनवर आलेल्या अ‍ॅपला अपडेट कशाचे? चलानाचा एक कागद दाखवायला आणखी काय आणायचे होते? दुसऱ्या कोणाच्या फोनवर ही पट्टी पाहिली असती तर मी त्याचा हात धरला असता. स्वतःच्या फोनवर पाहिली, फोन टेबलावर ठेवला आणि चहा गाळायला गेलो. परत आलो तेव्हा एसएमएस वाचण्याची परवानगी मागितलेली होती. दिली. मग पडताळणीसाठी १ रुपया भरण्याचे पान आले, त्यात कार्डाचा क्रमांक आणि पिन. तोही भरला, आणि याला माझ्याकडे सबब नाही. कोणतेही सरकारी पान एटीएमचा पिन विचारत नाही, हे मला त्या दिवसाआधीही ठाऊक होते. ओटीपी मी खरोखरच कोणाला सांगितला नाही. तो परस्पर वाचला गेला.

२.४१ ला खात्यातून पैसे गेल्याचा बँकेचा ई-मेल दिसला. २.४३ ला बँकेला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, अशी एकोणीस मिनिटे गेल्यावर ३.०२ ला तक्रार क्रमांक मिळाला. २२,४५२ रुपये गेले ३.०९ ला. तक्रार नोंदवून घेतलेल्या खात्यातून! रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे. शाखेतल्या अधिकाऱ्यांना मी त्याची प्रत दिली, तेव्हा ‘ओटीपी आपल्याच मोबाइलवर आला होता ना?’ हे वाक्य त्यांनी तिसऱ्यांदा ऐकवले. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मी दिवस मोजत बसलो आणि एकतिसाव्या दिवशी अर्ज केला.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा क्रमांक सातव्या प्रयत्नात लागला. पहिल्या तासात लागला तरच त्याचा खरा उपयोग, म्हणून घरातल्या दोघांनी दोन फोनवरून एकाच वेळी लावावा. माझे २५,००० रुपये समोरच्या खात्यात थोपवले गेले, पण ते परत मिळायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता. पोलीस ठाण्याने सायबर कक्षाकडे पाठवले, सायबर कक्षाने पुन्हा ठाण्याकडे, आणि ठाण्यात सांगण्यात आले की पैसे परराज्यात गेले, हद्द आमची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण न सांगता गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी कलमासह सांगितले. त्यावर उत्तर आले, ‘एवढे शिकलेले आहात, मग फाइल कशाला उघडली?’ या प्रश्नाला मी आजवर बायकोलाही उत्तर दिलेले नाही.

फोन स्वच्छ करण्याची घाई मात्र करू नका. भाच्याने आधी सिमकार्ड काढायला लावले, संदेश, ई-मेल आणि ती फाइल दुसरीकडे जपून ठेवली, मगच फोन मूळ स्थितीत नेला. अ‍ॅपने स्वतःचे चिन्ह लपवले होते, पण सेटिंग्जमधल्या यादीत ते सापडले. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली अ‍ॅप तपासणारी गूगलची सोय, बंद करायला सांगणारा माणूस चोरच समजावा. चलान पाहायचे तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः गाडीचा क्रमांक टाकून पाहावे. मी सोमवारी पाहिले, माझ्या नावावर एकही दंड नव्हता.

सचिवांना दोष देत नाही, त्यांच्याही फोनमधून ती फाइल त्यांच्या नकळत सुटली होती. माझ्या फोनमधून ती १४३ जणांना गेली, त्यांत विद्यार्थ्यांचे पालक होते. आमच्या ग्रंथपालांच्या भावाचे ९,००० रुपये गेले. त्यांना फोन करून क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, ‘सरांकडून आली म्हणून उघडली.’