रंग न घातलेले अमृत कोकम: पाच बाटल्यांनंतरचा अभिप्राय

मागचे दोन उन्हाळे आमच्या घरी संत्र्याच्या स्वादाचे एक तयार सरबत येत असे. त्याच्या बाटलीच्या मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरांत, 102, 110 आणि 211 हे तीन आकडे छापलेले होते आणि ते वाचायला मला दोन वर्षे लागली, याची आजही हळहळ वाटते. 102 म्हणजे टार्ट्राझीन हा पिवळा रंग, 110 म्हणजे सनसेट यलो हा नारिंगी रंग आणि 211 म्हणजे सोडियम बेंझोएट हे परिरक्षक, म्हणजे पदार्थ टिकवणारे द्रव्य. यंदा ते सरबत बंद करून वेंगुर्ल्याजवळच्या एका महिला बचत गटाचे अमृत कोकम, म्हणजे पाणी घालून प्यायचा कोकमाचा गोड पाक, आणले. मे ते ऑगस्ट या काळात त्याच्या पाच बाटल्या संपल्या, त्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

बाटली काचेची, 700 मिलिलिटरची, किंमत 190 रुपये. घटकांच्या यादीत रातांबे (कोकमाची फळे), साखर, जिरे आणि मीठ एवढेच आहे. विक्रीला बसलेल्या मावशींना कृती विचारली, तेव्हा त्यांनी ती मोकळेपणाने सांगितली. ताजे रातांबे अर्धे कापून बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या बरणीत रचायच्या, रोज हलवायच्या आणि काही दिवसांनी सुटलेला पाक गाळून घ्यायचा. मुळातली आंबट चव आणि भरपूर साखर यांमुळेच ते टिकते, म्हणून वेगळे परिरक्षक घालावे लागत नाही. (सोलकढीला लागते ते आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असल्याने घेताना नाव नीट वाचावे.)

चवीबद्दल माझी तक्रार नाही. आंबटपणा नेमका आहे, जिरे मागून जाणवते आणि एका पेल्याला दोन मोठे चमचे पुरतात. माझ्या सहा वर्षांच्या मुलाने पहिले दोन दिवस नाक मुरडले, कारण त्याला भडक नारिंगी रंगाची सवय होती. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून मागितले.

रंगाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ही बाटली मी त्याच कारणासाठी घेतली. कोकमाचा लाल रंग सालीतल्या अँथोसायनिन या द्रव्याचा असतो आणि तो उजेडाने व काळाने मंदावत जातो. मेमध्ये माणकासारखी दिसणारी बाटली ऑगस्टमध्ये तपकिरीकडे झुकली होती. काही जणांना हा दोष वाटेल, मला ती नैसर्गिक रंगाची खूण वाटली. घरी आणखी एक चाचणी केली. पातळ केलेल्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यावर लाली जाऊन निळसर-करडी छटा आली. कारमोइझिन किंवा पोंसो 4आर या कृत्रिम लाल रंगांत असा फरक सहसा पडत नाही. हा प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे आणि थोडासा मिसळलेला रंग त्यातून कळणारही नाही, पण घटकांच्या यादीशी ही चाचणी जुळली, एवढे समाधान मिळाले.

एवढी खटपट कशासाठी, हे विचारणे योग्यच आहे. 2007 मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन वर्षांची 153 आणि आठ-नऊ वर्षांची 144 सर्वसाधारण मुले होती. त्यांना कधी रंग व सोडियम बेंझोएट यांच्या दोन मिश्रणांपैकी एक असलेले पेय आणि कधी तसेच दिसणारे पण त्याविना असलेले पेय देण्यात आले, आणि कोणत्या आठवड्यात कोणते पेय आहे हे मुलांना, पालकांना किंवा शिक्षकांनाही ठाऊक नव्हते. तीन वर्षांच्या मुलांत यांतील एका मिश्रणाने अतिचंचलता वाढलेली आढळली. त्या मिश्रणात सनसेट यलो, टार्ट्राझीन, कारमोइझिन आणि पोंसो 4आर हे रंग होते, आणि हे चारही रंग आपल्याकडे परवानगी असलेल्या कृत्रिम खाद्यरंगांच्या यादीत आहेत. लहान मुलांना दिलेल्या रंगांची मात्रा दिवसाला 20 मिलिग्रॅम होती. भारतात कृत्रिम रंगाची सर्वसाधारण मर्यादा तयार पदार्थाच्या किलोमागे 100 मिलिग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेपर्यंत रंग घातलेल्या 200 मिलिलिटर सरबताच्या एकाच पेल्यात तेवढा रंग असू शकतो. हा हिशेब मी कागदावर मांडला त्या दिवशी जुनी बाटली मोरीत ओतली.

तरीही या अभ्यासाने जेवढे दाखवले त्याहून अधिक कोणी सांगू नये. परिणाम सरासरीने लहान होता आणि मुलामुलांत त्यात मोठा फरक होता. मिश्रणातील नेमक्या कोणत्या द्रव्यामुळे तो झाला हे त्यातून वेगळे काढता येत नाही, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही 2008 मध्ये हा पुरावा मर्यादितच मानला. असे असूनही 20 जुलै 2010 पासून युरोपीय संघात या चार रंगांसह एकूण सहा रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर, मुलांची हालचाल व एकाग्रता यांवर विपरीत परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणे बंधनकारक झाले. आपल्या बाटल्यांवर 'परवानगी असलेला कृत्रिम रंग आहे' एवढेच लिहिलेले असते. रंगाने पोषणात काडीचीही भर पडत नाही, तेव्हा शंका लहान असली तरी ती मुलाच्या पेल्यात का ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

सरबत बदलल्यावर मुलगा शांत झाला का, असे नातेवाईक विचारतात. संध्याकाळची आदळआपट कमी झाल्यासारखी मला वाटते, पण त्याच काळात शाळेला सुट्टी होती आणि झोपही वाढली होती, त्यामुळे श्रेय बाटलीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साखरेमुळे मुले उधळतात हा समजही असाच घट्ट आहे, परंतु 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर प्रयोगात साखर आणि कृत्रिम गोडी देणारे पदार्थ यांमुळे मुलांच्या वागण्यात फरक आढळला नव्हता. दात आणि वजन यांसाठी साखर मोजावीच लागते, आणि या अमृत कोकमात ती भरपूर आहे, म्हणून आम्ही दिवसाला एकच पेला देतो. ज्या मुलाचे लक्ष शाळेत व घरी दोन्हीकडे सतत विचलित होते, त्याच्या पालकांनी सरबत बदलून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

उत्पादनात उणिवा आहेत. पाचपैकी दोन बाटल्यांची झाकणे गळत होती. तळाशी साका बसतो, त्यामुळे ओतण्यापूर्वी बाटली हलवावी लागते, पण तशी सूचना कुठेच नाही. चौदा आकडी अन्न नोंदणी क्रमांक स्पष्ट आहे, मात्र उत्पादनाची तारीख शिक्क्याने उमटवलेली असून एका बाटलीवर ती पूर्ण पुसली गेली होती. लहान मुलांसाठी घेणाऱ्याला हे चालणार नाही. शंभर मिलिलिटरमागे साखर किती, हेही छापायला हवे. या गोष्टी मी गटाला फोनवर कळवल्या. झाकणे बदलण्याचे त्यांनी मान्य केले आणि पुढच्या हंगामापासून तारीख छापील देऊ असे सांगितले. रातांब्यांचा हंगाम पुन्हा एप्रिल-मेमध्ये येईल; सहा बाटल्यांची मागणी मी आताच नोंदवून ठेवली आहे.