नमुना खरा, लॉट खोटा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे दिवे तयार करण्याचे छोटे वर्कशॉप आहे. एलईडीला मेन्समधून ठरावीक करंट पुरवणारा भाग म्हणजे ड्रायव्हर; एरवी त्याचे सर्किट मी स्वतःच बसवतो. परंतु शिरोली एमआयडीसीतील एका मशीन शॉपसाठी १०० वॅटचे ६० हाय-बे, म्हणजे उंच छताला टांगायचे दिवे तातडीने हवे होते, म्हणून तयार ड्रायव्हर घेतले. विक्रेत्याचे दोन नमुने आठवडाभर चालवून पाहिले. मेन्सचे व्होल्टेज १८० असो वा २६०, आउटपुटचा ३ अँपिअर करंट जागचा हलत नव्हता. एलईडीला हेच लागते, कारण व्होल्टेज किंचित वाढले तरी करंट भरमसाट वाढतो. “साहेब, डोळं झाकून घ्या की,” असे तो म्हणाला आणि मी खरोखरच डोळे झाकले.

लॉटवर तेच लेबल होते. महिन्याभरात तेथील टर्नरने सांगितले की लेथचा फिरता चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, थांबल्यासारखा दिसतो. करंटमध्ये १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे सेकंदाला १०० वेळा चढउतार असेल, तर दिवा तसाच लुकलुकतो आणि मिनिटाला २००० फेरे घेणारा तीन जबड्यांचा चक स्थिर भासतो. तेथे कोणी हात घातला असता तर, या विचाराने आजही झोप उडते. पुढे दिवा पुसणाऱ्या कामगाराला शॉक बसला. अर्थिंगची वायर ढिली होती, ही चूक माझीच. पण ड्रायव्हर आयसोलेटेड, म्हणजे इनपुट आणि आउटपुट विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारा असता तर मेन्स बॉडीपर्यंत पोहोचलीच नसती.

तेव्हा कुठे मी वजनकाटा काढला. नमुना ६२० ग्रॅम, लॉटमधला ३९० ग्रॅम. उघडल्यावर आत हे आयसोलेशन देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी एक कॉइल निघाली, आणि व्होल्टेजचा झटका अडवणाऱ्या व्हॅरिस्टरची जागा बोर्डावर छापलेली, पण रिकामी होती. कपॅसिटरवर तापमानाची मर्यादा १०५ अंश लिहिली होती. ब्लेडने स्लीव्ह कापली, तर खाली दुसरी स्लीव्ह, तीवर ८५. दर १० अंशांमागे कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, म्हणजे पत्र्याखालच्या उष्णतेत ते एक चतुर्थांशच उरणार होते. लेबलवरचा आर-नंबर, म्हणजे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला, तर तो भलत्याच उत्पादकाचा निघाला. हे दोन मिनिटांचे काम मी पैसे देण्याआधी केले नव्हते.

आता लॉटमधले कोणतेही पाच नग मी स्वतः निवडून तोलतो, एक फोडतो, आणि इनपुट व आउटपुट यांमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर) लावल्याशिवाय पैसे देत नाही. ते साठही ड्रायव्हर पदरमोड करून बदलून दिले. तक्रार करायला निघालो, तेव्हा हातात कच्ची पावती होती आणि तिच्यावर ‘इले. सामान’ एवढेच लिहिलेले होते. जीएसटी वाचवण्याचा सल्ला विक्रेत्याचा होता, आणि तो मला पटला होता.